वन्सं गोड बोलल्या तेव्हा

आमच्या वन्संचा आवाज ज्यांनी ऐकला नाही ते नशीबवान. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. मी लग्न होऊन नवीन आले होते तेव्हाची गोष्ट. त्या स्वयंपाकघरातून मला म्हणाल्या, "मीठ दे गं जरा." मी उठायच्या आत पलीकडच्या घरातल्या शेजारणीने खिडकीतून मिठाची बरणी पुढे केली. आणि हे त्यांचं हळू बोलणं. बंदरावरचे लोक त्यांना पाठीमागे 'भोंगा' म्हणतात. तोंडावर म्हणायची अजून कुणाची छाती झालेली नाही.

वन्सं मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात कारकून आहेत. ऑफिस म्हणजे धक्क्याला लागून एक खोली. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक लोखंडी कपाट. कपाटाचं दार लाथ मारल्याशिवाय बंद होत नाही आणि ती लाथ वन्संशिवाय कुणाला जमत नाही. ह्या कॉम्प्युटरवर हवामान खात्याचा कागद रोज दोनदा येतो, पहिला सकाळी आणि दुसरा दुपारी एक वाजता. आधीचे कारकून तो छापून दाराला चिकटवायचे. त्यावर 'नैऋत्य दिशेकडून मध्यम ते तीव्र' वगैरे असायचं. लोक तो कागद काढायचे, त्यात चार मासे गुंडाळायचे आणि घरी न्यायचे. हवामान खात्याचा एवढाच उपयोग होता.

वन्सं आल्या आणि त्यांनी फोनवर सगळ्या बोटवाल्यांचा ग्रुप काढला. त्रेचाळीस बोटी. रोज तो कागद टाइप करून टाकायच्या. पण वाचणार कोण? हात ओले, चष्मा घरी, आणि अक्षरं मुंगीएवढी. एक दिवस तिघे जण वाऱ्यात सापडून कसेबसे परत आले आणि वर तोंड करून म्हणाले, "आम्हाला कुठे कुणी सांगितलं?" वन्संचं डोकं फिरलं. त्यांनी फोन तोंडासमोर धरला, बोलायचं बटण दाबलं आणि दीड मिनिट त्या तिघांचा उद्धार केला. बोलण्याच्या ओघात दुसऱ्या दिवशीचं हवामानही सांगून टाकलं. तो निरोप त्रेचाळीसच्या त्रेचाळीस बोटींनी ऐकला. काहींनी दोनदा ऐकला. तेव्हापासून आमच्याकडे हवामान असंच सांगतात.

म्हणजे कसं, तर असं: "ऐका रे, झोपा झाल्या असतील तर! वारा पश्चिमेचा आहे, साधाच आहे, तुमच्या डोक्यातल्या हवेपेक्षा कमी. लाटा गुडघाभर. ए हिरव्या बोटवाल्या, तुझी पाण्याची टाकी गळते, तीन दिवस सांगतेय, तहानेने घसा सुकला की मला फोन करू नकोस मेल्या. बर्फवाल्या, काल बर्फ दिलास की थंड पाणी? टॉवर आजोबा, गोळी घेतली का? चारनंतर वारा वाढेल, त्याच्या आत घरी या. तुमच्या बायका वाट बघतात. का बघतात ते त्यांचं त्यांना ठाऊक."

टॉवर आजोबा कोण तेही सांगते, कारण पुढे त्यांचं काम आहे. फोनची रेंज आमच्याकडे दीपगृहापर्यंतच. त्याच्या पुढे फोन म्हणजे नुसता आरसा, तोंड बघा आणि ठेवून द्या. पुढच्या बोटींवर वायरलेस असतो, पण वायरलेसवर ऑफिसचा फोन कसा ऐकू येणार? हे आजोबा आता म्हातारे झालेत, दीपगृहाच्या अलीकडेच जाळं टाकून बसतात. वन्संचा निरोप आला की ते फोन वायरलेसच्या माईकला चिकटवतात आणि तो पुढच्या सगळ्या बोटींवर वाजतो. कानाने कमी ऐकू येतं म्हणून दोनदा वाजवतात. म्हणून त्यांचं नाव टॉवर.

आता आमच्या घरातलं दुखणं. माझे यजमान, म्हणजे ह्या बाईंचा सख्खा धाकटा भाऊ, त्या ग्रुपमध्ये नव्हते. अडीच वर्षांपूर्वी हे डिझेल न बघताच समुद्रात गेले, मध्येच इंजिन बंद पडलं, तीन तास नुसते तरंगत होते. दुसऱ्या बोटीने ओढून आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संनी ग्रुपवर सुरू केलं: "अरे गाढवा, डिझेल टाकीत घालायचं असतं, देवाला दाखवून परत न्यायचं नसतं!" आणि असं बरंच काही. सगळं बंदर पोट धरून हसलं. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण बर्फवाल्याने ते पहिलं वाक्य आपल्या फोनची रिंगटोन केलं. त्याला दिवसाला शंभर फोन येतात. हे धक्क्यावर उभे असले आणि त्याचा फोन वाजला की भर बाजारात "अरे गाढवा!"

ह्यांनी ग्रुप सोडला आणि बहिणीशी बोलणं टाकलं. आई लहानपणीच गेली, बहिणीनेच अंगाखांद्यावर वाढवलं, तिच्याशी अडीच वर्षं अबोला! आणि ती तरी काय कमी? "त्याची चूक, मी का बोलू?" मी मध्ये. इकडे नवरा, तिकडे नणंद, दोघांची नाकं सारखीच आणि दोन्हीवर राग. रोज सकाळी मी चहा करताना वन्संचा निरोप मुद्दाम मोठ्याने लावायची. हे पाठ करून बसायचे. "बंद कर ती कटकट." मी बंद करायची. दोन मिनिटांनी भिंतीकडे बघत विचारायचे, "वारा कुठला म्हणाली?" असा आमचा संसार.

तर एक दिवस खात्याचे नवीन साहेब आले. तरुण, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. मच्छीमारांना माहिती पोचवण्याचं प्रशिक्षण घेऊन आले होते. त्यांनी वन्संचे जुने निरोप ऐकले. चौथ्या निरोपाला त्यांनी पाणी मागितलं. "मॅडम," म्हणाले, "संदेश कसा असावा? मुद्देसूद, औपचारिक आणि आदरयुक्त." आणि एक कागद लिहून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसले. वन्सं सरकारी माणसापुढे बिचकतात, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी तो कागद जसाच्या तसा वाचला: "सर्व मच्छीमार बंधूंना सादर नमस्कार. आज समुद्र शांत राहील. वारा मंद राहील. आपला दिवस सुखाचा जावो. धन्यवाद."

अर्ध्या तासात सगळ्या बोटी परत! गेलेल्या आल्या, निघणाऱ्या थांबल्या. पाणी फरशीसारखं सपाट, आभाळात ढग नाही, आणि धक्क्यावर त्रेचाळीस बोटवाले तोंडं पाडून उभे. ऑफिसच्या दारात ही गर्दी. एकजण डोक्यावरची टोपी काढून हळूच म्हणाला, "ताई, कोण गेलं?" दुसऱ्याच्या बायकोने तर रडायलाच सुरुवात केली होती. कुणासाठी रडतेय हे तिला माहीत नव्हतं, पण रडणं चांगलं लागलं होतं. आणि गर्दीच्या पार मागे, दोराची गाठ सोडवण्याचं सोंग करत आमचे हे. ती गाठ आधीच सुटलेली होती.

साहेब गोंधळले. "अहो, शांत समुद्र असं स्पष्ट सांगितलंय!" टॉवर आजोबांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं. म्हणाले, "साहेब, शब्द कोण ऐकतो? ही शिव्या देते म्हणजे सगळं ठीक आहे. मागे दोनदा खरंच वादळ आलं, तेव्हा हिचा आवाज आपोआप मऊ झाला होता. 'बाळांनो, आज नका जाऊ' म्हणाली होती. तेव्हापासून ही गोड बोलली की आम्ही आधी बोट वळवतो. आणि आज तर सादर नमस्कार!" वन्सं आ वासून ऐकत होत्या. त्यांना स्वतःला हे माहीतच नव्हतं.

मग सगळे हसले, फार हसले, आणि ते साहेबांना झोंबलं. त्यांनी वरून हुकूम आणला. निरोप आता यंत्राच्या आवाजात जाणार, खात्याकडून थेट. वन्संनी फक्त रजिस्टर सांभाळायचं. टॉवर आजोबांनाही पत्र आलं की वायरलेसवर खाजगी ध्वनिमुद्रणं वाजवू नयेत. त्यांनी ते पत्र मला वाचायला लावलं, आणि मी वाचल्यावर त्यात आमिष गुंडाळलं.

वन्संनी हुकूम वाचला आणि मुकाट रजिस्टर पुढे ओढलं. तेच मला खटकलं. दुपारी डबा घेऊन गेले तर कपाटाचं दार उघडंच होतं. लाथसुद्धा मारली नव्हती. म्हणाल्या, "बरं झालं, घसा तरी वाचेल माझा." आणि डोळे पुसले. मला ती बाई उभ्या जन्मात आवडली नव्हती असं मी समजत होते. त्या दिवशी मला तिच्यासाठी इतकं वाईट वाटलं की मी पोळीचा घास हातात धरून बसून राहिले.

यंत्रातली बाई मात्र फार सभ्य निघाली. रोज एकाच सुरात: "सर्व मच्छीमार बांधवांना विनंती आहे, कृपया सतर्क राहावे." ऊन असो, वारा असो, कृपया सतर्क राहावे. पहिले दोन दिवस लोक घाबरले. तिसऱ्या दिवशी कंटाळले. आठवड्यात सगळ्यांनी ऐकायचं सोडून दिलं. फोनमध्ये दिसतं ना, कुणी कुणी ऐकलं ते. ह्यांना सोडून उरलेल्या बेचाळीसपैकी दोघेजण. शिवाय तिसरा बर्फवाला, तो जमिनीवरच असतो.

आणि मग तो दिवस आला. सकाळ छान होती. हे सगळ्यांच्या पुढे, दीपगृहाच्या पार पलीकडे गेले होते. तिथून परत यायला पुरते दोन तास लागतात. दुपारी मी डबा द्यायला ऑफिसात गेले, तर वन्सं कॉम्प्युटरसमोर उभ्या. एकचा कागद आला होता. चारच्या सुमारास अचानक मोठं वादळ, ताशी सत्तर किलोमीटर वारा, छोट्या बोटींनी ताबडतोब किनारा गाठावा. त्याच वेळी ग्रुपवर यंत्रातली बाई बोलून गेली: "कृपया सतर्क राहावे." कुणी ऐकलं? कुणीच नाही. बर्फवाल्यानेसुद्धा नाही.

"तो कुठेय?" वन्संनी विचारलं. अडीच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला ह्यांच्याबद्दल सरळ विचारलं.

"पलीकडे," मी म्हटलं.

साहेब कोपऱ्यात रजिस्टर तपासत बसले होते. "मॅडम, संदेश गेलेला आहे," म्हणाले, "नियमाप्रमाणे आपण पुन्हा..." मी त्यांच्याकडे वळले. मी काय बोलले ते इथे सांगत नाही, पण ते रजिस्टर घेऊन भिंतीला टेकले ते टेकलेच.

वन्संनी फोन उचलला, बटण दाबलं. "अरे गाढवांनो! मरायचंय का! चार वाजता..." आणि थांबल्या. पुसून टाकलं. "शिव्या दिल्या तर म्हणतील, आला भोंगा परत, सगळं ठीक आहे," म्हणाल्या. म्हणजे आपलं नाव त्यांना माहीत होतं! पुन्हा बटण दाबलं. "सर्व बंधूंना नमस्कार." पुन्हा थांबल्या. ह्या वेळी मीच म्हणाले, "नको वन्सं. आता ती यंत्रातली बाईसुद्धा रोज असंच गोड बोलते. म्हणतील साहेबांनी कागद दिलाय."

"मग काय बोलू?" आवाज एवढासा झाला होता. "काय बोलू गं मी?"

मला कुठून सुचलं देव जाणे. कदाचित अडीच वर्षं तेच पोटात होतं. "साहेब जन्मात लिहून देऊ शकणार नाहीत असं काहीतरी बोला," मी म्हटलं. "तुम्ही मेलात तरी बोलणार नाही असं."

वन्संनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता फोन माझ्याच डोक्यात बसतोय. मग त्या खुर्चीवर बसल्या. पदराने तोंड पुसलं आणि बटण दाबलं.

"मी बोलतेय. चार वाजता मोठं वादळ येतंय. सगळ्यांना हात जोडते, जाळी कापावी लागली तर कापा, पण आत्ता निघा. आणि हे माझ्या धाकट्या भावासाठी. बाळा, त्या डिझेलच्या वेळी मी चारचौघांत तुझी फजिती केली. तू तीन तास आला नव्हतास. दुसऱ्या कुणासाठी घाबरले तर मी मऊ होते. तुझ्यासाठी घाबरले की माझ्या तोंडून शिव्याच बाहेर पडतात. पण चूक माझी होती. सगळ्यांसमोर केली म्हणून सगळ्यांसमोर सांगते, चुकलं माझं. मला माफ कर. आणि घरी ये, राजा. ताई वाट बघतेय."

बटण सोडलं आणि टेबलावर डोकं ठेवून रडल्या. मीही रडले. साहेबांनी चष्मा काढून पुसला. तीन मिनिटांत ग्रुपवर खुणा दिसायला लागल्या. एक, चार, नऊ, सतरा. पण ह्यांच्याकडे फोन लागणारच नव्हता. सगळं टॉवर आजोबांवर होतं, आणि आजोबांना तर पत्र गेलेलं.

आम्ही धक्क्यावर जाऊन उभ्या राहिलो. वन्संनी माझा हात असा धरला होता की दुसऱ्या दिवशी बांगड्यांचे वळ दिसत होते. अडीचला पहिल्या बोटी आल्या. जो तो उतरायचा, वन्संकडे बघायचा आणि खाली मान घालून पाया पडायला यायचा. त्या म्हणायच्या, "सरक बाजूला, मला दिसत नाहीये." तीनला सगळ्या मोजून झाल्या नव्हत्या तोच पश्चिमेकडचं आभाळ काळं पडलं. साडेतीनला दोनच बोटी यायच्या राहिल्या होत्या. टॉवर आजोबांची. आणि ह्यांची.

पावणेचारला दोन्ही एकदम दिसल्या, एकामागे एक. आजोबा ह्यांना घेतल्याशिवाय जागचे हललेच नव्हते. नंतर म्हणाले, निरोप चारदा वाजवला. दोनदा ऐकू येत नाही म्हणून आणि दोनदा आवडला म्हणून.

बोट धक्क्याला लागली न लागली तोच ह्यांनी उडी मारली. अर्धं जाळं कापून टाकलेलं, अंगभर पाणी, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, माझ्याकडे येतायत. कसलं काय! माझ्या अंगावरून सरळ बहिणीकडे. तिचे दोन्ही खांदे धरून ओरडले, "ताई! काय झालंय तुला? डॉक्टर काय म्हणाले? खरं सांग, किती दिवस आहेत?"

वन्संनी त्यांचे हात खांद्यावरून झटकले. मग भोंगा वाजला.

"अरे गाढवा! मला काय धाड भरलीय! एवढं वादळ डोक्यावर आणि हा आत्ता येतोय! बायको इथे दोन तास उभी आहे, तिच्याकडे बघितलंस का? अंग पुस आधी! जेवलास का? आणि जाळं किती कापलंस ते, चार हात कापून भागलं असतं!"

तेवढ्यात वारा आला. ऑफिसचं दार धाडकन आपटलं, खोकी धक्क्यावरून उडाली, सगळे आडोशाला पळाले. हे मात्र तिथेच उभे, भर वाऱ्यात, लहान मुलासारखे रडत आणि शिव्या खात. वन्संनी त्यांना कॉलर धरून आत ओढलं.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी वर पत्र लिहिलं. त्यात म्हटलं होतं की, 'स्थानिक परिस्थिती पाहता संदेशाचं काम पूर्वीच्याच पद्धतीने चालू ठेवावं; सौजन्यपूर्ण भाषा केवळ आणीबाणीच्या प्रसंगी वापरावी.' वरच्यांना ते कळलं नसणार, पण सही झाली. बर्फवाल्याने माफीचा निरोप रिंगटोन करायचा प्रयत्न केला. फोन एकदाच वाजला आणि सगळा धक्का दचकून समुद्राकडे धावला. हे त्याच्याकडे गेले, शांतपणे त्याचा फोन घेतला आणि स्वतःच्या हाताने जुनं 'अरे गाढवा' परत लावून दिलं.

मी ह्यांना एकदा विचारलं, तुम्ही ताईला काही बोललात का त्यावर? म्हणाले, "बोललो ना. म्हटलं, पुन्हा कधी माझी माफी मागू नकोस, जीव जातो."

त्या वादळानंतरच्या पहिल्या सकाळी मी नेहमीसारखा चहा ठेवला आणि फोनकडे हात नेला, तर हे म्हणाले, "राहू दे, माझ्याकडे आलाय." परत ग्रुपमध्ये आले होते. त्यांनी फोन कानाला लावला. वन्सं सुरू झाल्या होत्या, डिझेलपासून, कापलेल्या जाळ्यापासून, लग्नात हरवलेल्या बुटापासून. चांगली दोन मिनिटं एकट्या ह्यांचाच उद्धार. हे डोळे मिटून, मान हलवत शेवटपर्यंत ऐकत बसले. मग फोन खिशात टाकला, डबा उचलला.

"हवा छान आहे आज," म्हणाले आणि निघाले.